अभिजात विज्ञान कादंबऱ्यांची मुखपृष्ठं : एकाच पुस्तकाच्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहू

बर्डीचा_वाचक

नमस्कार मंडळी. मुखपृष्ठांचे फोटो इथे रोज पडतात आणि खाली "जुनी आवृत्ती काय सुंदर होती, नवी पार फिकी" असं कुणीतरी लिहितंच. पुष्कळदा ते खरंही असतं. पण तितक्याच वेळा आपण ज्याला नावं ठेवतो ते चित्र नसतंच. मूळ चित्र, त्यावरची अक्षरमांडणी, छपाई आणि पुस्तकाचं वय या चार गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या सुट्या केल्याशिवाय दोन आवृत्त्यांबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'पासून करतो, कारण तिथे एकच चित्रकार बराच काळ सोबत राहिला. ही कादंबरी आधी 'अ‍ॅनालॉग' मासिकात डिसेंबर १९६३ पासून क्रमशः आली, चित्रं जॉन शोनहेर यांची. १९६५ मध्ये पुस्तक काढलं ते फिलाडेल्फियाच्या चिल्टननं. हा प्रकाशक मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखला जायचा, तरी जॅकेटसाठी (पुठ्ठ्यावर चढवायच्या सुट्या कागदी वेष्टणासाठी) त्यानं शोनहेरलाच घेतलं. १९६७ चं एस (Ace) या प्रकाशकाचं पेपरबॅक आणि १९७८ ची बर्कलीची सचित्र आवृत्ती यांवरही तेच नाव. शोनहेरच्या वाळवंटात माणूस नेहमी मुंगीएवढा असतो, खडक आणि वाळू सगळी जागा खातात. वाचकाला पहिलं जे कळतं ते त्या ग्रहाचं आकारमान. नायकाचा चेहरा त्याला महत्त्वाचा वाटलाच नाही.

आता याच्या शेजारी २०१६ ची पेंग्विन गॅलक्सी मालिकेतली प्रत ठेवा. मांडणी अ‍ॅलेक्स त्रोचुतची. वाळवंट नाही, माणूस नाही. घोड्याच्या नालेसारखा एकच आकार चार दिशांना फिरवून इंग्रजी नावाची चारही अक्षरं उभी केली आहेत. १९६५ च्या वाचकाला हे जग काय आहे ते दाखवावं लागत होतं. २०१६ च्या वाचकाला नाव आधीच ठाऊक आहे, त्यामुळे नाव हेच चित्र होऊ शकतं. दोन मुखपृष्ठांतला खरा फरक हा.

रंगांबद्दल बोलण्याआधी एक चाचणी करा. छपाईच्या चार शाईंपैकी पिवळी आणि किरमिजी उजेडात आधी उडतात. निळी आणि काळी फार टिकाऊ. म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोर काही उन्हाळे काढलेलं नारिंगी वाळवंट हळूहळू करडं-निळं होतं आणि आपण म्हणतो, "या आवृत्तीत थंड रंग वापरलेत." जॅकेट असेल तर फ्लॅपची दुमड उघडून आतल्या बाजूला वळलेला रंग पाहा. पेपरबॅक असेल तर कणा (कपाटात दिसणारी पुस्तकाची पाठ) आणि मुखपृष्ठ शेजारी ताडून पाहा. कणा निळसर आणि पुढची बाजू अजून लालसर असेल, तर दोष उन्हाचा. प्रकाशकाला बोल लावू नका.

इतवारी_कट्टा

भाऊ, एक विचारतो. पॅन्थर प्रकाशनाच्या जुन्या, असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'वर भलीमोठी यानं आहेत. गोष्टीत तर सगळं बोलणं, राजकारण आणि गणित. अशी यानं त्यात येतच नाहीत. मग हे चित्र कशाचं होऊन राहिलं? चुकून दुसऱ्या पुस्तकाचं लागलं का?

बर्डीचा_वाचक

चुकून नाही. ती ख्रिस फॉसची यानं. १९७० च्या दशकात ब्रिटिश पेपरबॅकवर ती सर्रास दिसायची, आणि फॉस बऱ्याचदा पुस्तक न वाचताच चित्र काढायचा. एअरब्रशनं (रंगाच्या बारीक फवाऱ्यानं) काढलेली, पट्ट्यापट्ट्यांची, वाफेत आणि धुळीत अर्धी बुडालेली प्रचंड यंत्रं. स्टेशनच्या स्टॉलवर लांबून बघणाऱ्याला "हे विज्ञानकथेचं पुस्तक" एवढं कळलं की चित्राचं काम झालं. त्याला कादंबरीचं चित्रण समजून नापास करणं अन्याय आहे. ते साहित्यप्रकाराची पाटी म्हणून काढलंय आणि पाटी म्हणून अव्वल आहे.

याच मजकुराची आधीची रूपं पाहा. पहिली कथा 'अस्टाउंडिंग' मासिकाच्या मे १९४२ च्या अंकात आली. पुस्तक १९५१ मध्ये नोम प्रेसकडून, जॅकेट डेव्हिड काइलचं. त्याच प्रकाशकानं १९५० मध्ये 'आय, रोबॉट' काढलं तेव्हा चित्र एड कार्टिएचं होतं. छोटा प्रकाशक, मोजके रंग, हातानं आखलेली अक्षरं. फॉसच्या शेजारी ठेवलं तर ते गरीब दिसतं. पण दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं, तेव्हा एकाच मापानं मोजू नका.

स्वरदा_धंतोली

पाटीचा मुद्दा पेंग्विनकडे पाहिलं की आणखी उघड होतो. तिथे एकाच प्रकाशकानं एकाच कादंबरीला दोन अगदी वेगळ्या वाटांनी नेलं.

जर्मानो फाचेत्ती १९६१ पासून तिथे कलाविभाग सांभाळत होते. त्याच सुमारास रोमेक मार्बरची मांडणी आली : वरच्या भागात आडव्या रेघांमध्ये मालिका, पुस्तक आणि लेखक, खाली सलग चित्र. आधी रहस्यकथांना, मग इतर मालिकांना. विज्ञानकथांसाठी फाचेत्तींनी नवी यानं काढून न घेता आधुनिक चित्रकारांची चित्रं घेतली. जे. जी. बॅलार्डच्या 'द ड्राउंड वर्ल्ड'च्या १९६५ च्या प्रतीवर इव्ह तांगीच्या चित्राचा तुकडा आहे. ते चित्र या कादंबरीसाठी काढलेलं नाही, तरी कादंबरीतली साचलेली, तापलेली स्वप्नावस्था त्यात आहे. आणि वाचकाला न बोलता सांगितलं जातं की हे साहित्य आहे, कपाटात पुढे ठेवा.

मग डेव्हिड पेलम आले. १९७४ मध्ये याच कादंबरीवर त्यांनी एअरब्रशनं पाण्यातून वर आलेलं उंच इमारतीचं टोक दाखवलं. बाकी सगळं मोकळं. अक्षरं मोठी, रंग सपाट. त्याच वर्षीच्या बॅलार्डच्या बाकीच्या पुस्तकांनाही तीच शैली असल्यामुळे ती ओळीनं लावली की एक संच दिसतो. तांगीचं मुखपृष्ठ वाचून झाल्यावर जास्त उमगतं, पेलमचं वाचायच्या आधीच पकडतं. मला तांगीचं अधिक आवडतं, पण दुकानात पेलमचं जिंकणार.

पेलमचं 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७२), ते दातेरी चाकाचा डोळा असलेलं, दुसऱ्याला सांगितलेलं चित्र पसंत न पडल्यानं ऐन वेळी घाईत केलेलं आहे. सपाट रंग, जाड कडा, चेहऱ्यावर दुसरं काही नाही. घाईमुळेच ते इतकं आटोपशीर झालं असावं. या प्रती तपासताना काळ्या रेघेच्या कडेला पांढरी फट दिसते का बघा. रंगाच्या प्लेटा जुळल्या नाहीत की ती पडते. ती त्या प्रतीच्या छपाईची खूण, मांडणीची नव्हे.

कागदकाम

आकाराचा मुद्दा राहतोय. लहान ब्रिटिश पेपरबॅक ११० × १७८ मिमी, मोठं १२९ × १९८ मिमी. अमेरिकन खिशातलं साधारण १०८ × १७५. लहान आकारात उंची रुंदीच्या १.६२ पट, मोठ्यात १.५३ पट. म्हणजे लहानासाठी केलेलं चित्र मोठ्यावर बसवायचं तर वरून-खालून कापावं लागतं किंवा बाजूंना रंग वाढवावा लागतो. "नव्या आवृत्तीत आकाश कमी केलं" अशी तक्रार येते तिथे निम्म्या वेळा हेच गणित असतं. चित्रकाराची सही खालच्या कोपऱ्यात असेल तर तीही याच कापाकापीत जाते, आणि मग पुढच्या पुनर्मुद्रणात नावच गळतं.

एसच्या जुन्या पेपरबॅकवर क्रमांकाआधीचं अक्षर म्हणजे किंमत : एफ म्हणजे ४० सेंट, जी ५०, एन ९५. 'ड्यून'चा क्रमांक एन-३, किंमत ९५ सेंट. तेच चित्र पण वेगळा क्रमांक आणि चढी किंमत दिसली, तर नंतरचं मुद्रण समजा. अमेरिकन हार्डबाउंडच्या फ्लॅपवर किंमत छापलेलीच नसेल आणि कोपराही कापलेला नसेल, तर बहुधा बुक क्लबची (सभासदांसाठी वेगळी छापलेली) प्रत. कागद हलका, मागच्या पुठ्ठ्यावर खाली बारीकसा दाबलेला ठसा, शेवटच्या पानांत शिवणीजवळ छोटा कोड. चित्र तेच असतं, म्हणून नुसत्या फोटोवरून फरक कळत नाही.

भिंगवाला

फोटो आणि स्कॅनबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुलना तिथेच बिघडते.

आधी दहापट भिंग घ्या. इथे नागपुरात इतवारीच्या सराफ्यात हिरे पाहायला वापरतात तेच, घडीचं. छापील चित्रावर ठेवलं की ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसतात : निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके वेगवेगळ्या कोनांत. आता नावाच्या अक्षरांची कड पाहा. अस्सल छपाईत काळी अक्षरं बहुतेक सलग शाईची असतात, कड धारदार. छापील मुखपृष्ठ स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर अक्षरंही ठिपक्यांनी बनलेली दिसतात आणि चित्रात जाळीवर जाळी पडून लाटा उमटतात. फुटपाथवरची नकली पेपरबॅकं अशी लगेच पकडता येतात. बारकोडच्या रेघाही फुगलेल्या असतात.

स्कॅन करताना ६०० डीपीआयला घ्या, 'डीस्क्रीन' (छपाईच्या ठिपक्यांची जाळी पुसणारी सोय) चालू ठेवा आणि मग आकार कमी करा. थेट १५० ला घेतलं तर लाटा पडतातच. पातळ, यूएसबीवर चालणाऱ्या स्कॅनरांत सहसा सीआयएस पट्टी (काचेला लागून सरकणारी, चित्र टिपणारी पट्टी) असते. काचेपासून मिलिमीटरभर वर उचललेला भागही तिला धूसर दिसतो. त्यामुळे बाक आलेल्या पेपरबॅकची कण्याजवळची कड अंधुक येते. कण्यावर जोर देऊन दाबू नका, त्यापेक्षा फोटो घ्या.

फोटोसाठी सावली हवी. उत्तरेकडच्या खिडकीत किंवा बाल्कनीत सकाळी. मे महिन्यात दहानंतर इथे समोरच्या भिंतीवरून येणारा उजेडही रंग ओढतो, गेरूच्या भिंतीचा लाल आणि हिरव्या नेटचा हिरवा. मोबाइल पुस्तकाला अगदी समांतर, लांबून २ एक्स लेन्सनं. जवळून घेतला की चौकट फुगते. पुस्तकाखाली करडा कागद, कडेला मिमीची पट्टी. एक्सपोजर लॉक करून सगळ्या आवृत्त्या एकामागोमाग काढा. एक आज, दुसरी उद्या असं केलं की रंगांची तुलना बाद.

लॅमिनेशनची चकाकी आली तर दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर ठेवा. मात्र एका मुखपृष्ठाला नेमकं उलट करावं लागतं : डेव्हिड पिअर्सननं २०१३ मध्ये पेंग्विनसाठी केलेलं ऑर्वेलचं '१९८४'. नाव आणि लेखक आधी कागदात दाबलेत, मग त्यांवर काळ्या फॉइलच्या पट्ट्या मारल्यात. समोरून स्कॅन केलं तर नुसते काळे आयत. एकच दिवा अगदी आडवा, १५-२० अंशांवर धरा. पट्टीच्या आत अक्षरांचे खळगे सावलीनं भरतात आणि खोडलेलं नाव वाचता येतं. या मुखपृष्ठावर अंगठा फिरवून पाहा, फॉइल गुळगुळीत, अक्षराची कड किंचित टोचणारी. सेन्सॉरनं खोडलं तरी खाली शब्द शिल्लक आहेत, हे बोटाला कळतं. कादंबरीशी इतकं प्रामाणिक मुखपृष्ठ मी दुसरं सांगू शकत नाही.

इतवारी_कट्टा

दादा, '१९८४'चंच विचारायचं होतं. पहिल्या आवृत्तीचं जॅकेट कुठं हिरवं दिसते, कुठं लाल. एक उन्हानं उडालेलं आहे का?

भिंगवाला

नाही, दोन्ही खरे. सेकर अँड वॉरबर्गनं ८ जून १९४९ ला काढलं तेव्हा जॅकेट हिरवं आणि लाल अशा दोन रंगांत छापलं होतं. मांडणी मायकेल केनार्डची, रंग सोडला तर तीच. हिरव्याचं उन्हानं लाल होत नाही. लाल उडून विटकरी-गुलाबी होतो, हिरव्यातला पिवळा गेला तर तो निळसर पडतो. कण्यावर हे आधी दिसतं.

जुन्या जॅकेटची नक्कलही मिळते. प्रामाणिक विक्रेता फ्लॅपवर तसं छापतो, पण ती ओळ कापलेलीही असू शकते. भिंग हा पहिला उपाय. दुसरा, नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं साधारण १९५० च्या आसपासपासून वापरात आली. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'चं १९३२ चं लेस्ली हॉलंडचं जॅकेट म्हणून कुणी दाखवलं आणि अंधारात कागद निळा पेटला, तर तो कागद तेव्हाचा नाही. उलट न पेटणं हा मात्र पुरावा नव्हे, आजही बिनचमकीचा कागद मिळतो.

स्वरदा_धंतोली

मजकूर आणि चित्र ताडून पाहायचं असेल तर एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' सर्वांत उत्तम. १८९७ मध्ये 'पिअर्सन्स मॅगझिन'मध्ये वॉरिक गोबलची चित्रं होती, त्यांतली तिपाई यंत्रं ताठ, लोखंडी टाकीसारखी. वेल्सना ती रुचली नाहीत. १८९८ च्या पुस्तकात त्यांनी निवेदकाच्या तोंडीच टीका घातली, की एका पत्रकातल्या चित्रकारानं या यंत्रांना लवचीकपणा नसलेल्या ताठ तिपाया करून टाकलं. १९०६ च्या ब्रुसेल्सच्या आवृत्तीत ब्राझीलच्या आंरिक आल्विम कोरेयानं यंत्रांना लवणारे पाय आणि डोळ्यांसारखे दिवे दिले. प्रती फक्त ५००. आता कुठलीही नवी आवृत्ती उघडा आणि पाय वाकतात का ते पाहा. बहुतेक मुखपृष्ठं अजून गोबलच्याच बाजूची आहेत, लेखकानं छापील निषेध नोंदवूनसुद्धा!

'फ्रँकेन्स्टाइन'चंही तसंच. १८१८ ची पहिली आवृत्ती तीन खंडांत, ५०० प्रती, लेखिकेचं नाव नाही, चित्र नाही. १८३१ च्या आवृत्तीत थिओडोर फॉन होल्स्टचं मुखचित्र (शीर्षकपानासमोरचं चित्र) आलं : लांब केसांचा, पिळदार देहाचा, स्वतःच्याच अस्तित्वानं भांबावलेला जीव. मानेतले खिळे आणि सपाट कपाळ १९३१ च्या चित्रपटातलं. मुखपृष्ठावर खिळे दिसले की चित्रकारानं पुस्तकाऐवजी पडदा पाहिलाय हे पक्कं.

जो मुन्याइनीचं 'फॅरनहाइट ४५१' (बॅलंटाइन, १९५३) मात्र इतकं चपखल बसलं की पुढच्या कित्येक आवृत्त्यांनी तेच ठेवलं. छापील कागदाचे कपडे घातलेला, जळणारा माणूस. त्या वर्षी सुमारे २०० प्रती अ‍ॅस्बेस्टॉसच्या बांधणीत निघाल्या. तशी प्रत कधी हाती आलीच तर पुसू-घासू नका, बंद पिशवीत ठेवा. त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

कागदकाम

जपणुकीबद्दल. नागपुरात मुखपृष्ठं वाकतात त्याचं कारण कूलर. मुखपृष्ठाच्या बाहेरच्या बाजूला प्लास्टिकची फिल्म, आत उघडा कागद. हवा दमट झाली की कागद फुगतो, फिल्म फुगत नाही, म्हणून मुखपृष्ठ बाहेर वळतं. कोरड्या हवेत कागद आक्रसतो आणि ते आत वळतं. उन्हाळ्यात दिवसभर कोरडं, रात्री कूलर, असं रोज आलटून पालटून झालं की उघडायच्या सांध्यापाशी फिल्म सुटते आणि तिथे चंदेरी पट्टा येतो. तो परत बसत नाही. म्हणून कपाट कूलरच्या झोताच्या रेषेत नको आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, मागे दोन बोटं जागा सोडा. पावसाळ्यात सिलिका जेल ठेवता तर ते महिन्यातून एकदा वाळवा. भिजलेलं जेल ओलावा घेत नाही.

जॅकेटला आवरण पॉलिएस्टरचं. स्टेशनरीच्या दुकानात ओएचपी शीट (प्रोजेक्टरची पारदर्शक शीट) मागा, ती बहुतेक पॉलिएस्टरची असते. साधी वही-कव्हरं बऱ्याचदा पीव्हीसीची. ती उन्हाळ्यात शाईला चिकटतात आणि काढताना रंग घेऊन येतात. ओळखायचं असं : तांब्याची तार गॅसवर लाल करा, प्लास्टिकला टेकवा, पुन्हा आचेवर धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवून, चिमट्यानं धरून, तुकडा नखाएवढाच घ्या. आवरण जॅकेटच्या उंचीपेक्षा ३ मिमी जास्त कापा, दुमड फ्लॅपच्या दुमडीवरच आणा. सेलोटेप जॅकेटला अजिबात लावू नका. चिकटवायचंच तर प्लास्टिकला प्लास्टिक.

पिवळी_पाने

ताई, दादा, हीच तपासणी मराठी पुस्तकांना लावता येईल का? नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी', 'प्रेषित' यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या किंवा भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न, यांची मुखपृष्ठं कुणी ओळीनं नोंदवलेली दिसत नाहीत.

स्वरदा_धंतोली

लावायलाच हवी, आणि ती आपणच करायला हवी. इंग्रजीसाठी आयएसएफडीबी या विज्ञानकथांच्या ऑनलाइन सूचीवर चित्रकाराच्या नावानं शोधता येतं. मराठीत पुस्तकच उघडावं लागतं. शीर्षकपानाच्या मागे "मुखपृष्ठ" ही ओळ आणि आवृत्त्यांची यादी असते. "आवृत्ती" आणि "पुनर्मुद्रण" वेगळं लिहा. जुन्या पुस्तकांत शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, शकवर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ७९. नव्या मुद्रणात चित्र बदललं पण श्रेयाची ओळ जुनीच राहिली, असंही होऊ शकतं, म्हणून ओळ आणि चित्रावरची सही दोन्ही नोंदवा. दलाल, मुळगावकर या चित्रकारांच्या काळातल्या चित्रांवर सही असते, पण कापलेली नाही ना हे पाहायला दोन मुद्रणं लागतात.

झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ जवळच आहे. ग्रंथालयातली प्रत पाहताना एक लक्षात ठेवा : ग्रंथालयं पुस्तक नव्यानं बांधून घेतात तेव्हा मुखपृष्ठ बरेचदा जातं किंवा कापून आत चिकटवलं जातं. चिकटवलेल्याचं माप नोंदवू नका, फक्त चित्र आणि श्रेय नोंदवा.

पिवळी_पाने

मलपृष्ठ आणि कणाही घ्यायचा का? की पुढची बाजू पुरे?

भिंगवाला

तिन्ही घ्या. चित्र पुष्कळदा कण्यावरून मागे वळतं, आणि मागच्या बाजूच्या किमतीवरून मुद्रण ठरतं. फाइलच्या नावात लेखक, पुस्तक, प्रकाशक, मुद्रणवर्ष आणि बाजू एवढं टाका. उन्हानं उडालेली प्रत असेल तर तेही नावातच लिहा, नाहीतर पुढचा माणूस त्या निळ्या छटेवर परिच्छेद लिहील.